त्या कुत्र्यापायी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नाहीतर दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला "सुट्टीत कुठं जाणार?" हा प्रश्न येतो आणि मी "बघू, जमलं तर" म्हणून त्याला वाटेला लावतो. पुण्याहून मेहुणे विचारतात, शाळेतले लोक विचारतात. परवा दूधवाल्यानंही विचारलं, "सर, सुट्ट्या लागल्या की! कुठं चाललालाव का नाही? का त्या कुत्र्यापायी घरीच?"

हो, त्या कुत्र्यापायी. आता पुढचं ऐका.

साखर काळी कुळकुळीत लॅब्राडोर आहे. नाव मुलीनं ठेवलं, ती पाचवीत असताना, आणि त्यावरचे सगळे विनोद आमच्या दारात होऊन गेलेत. लातूरच्या उन्हात असलं जाड केसांचं परदेशी कुत्रं कशाला, हेही ऐकून झालंय. आपल्याच जिल्ह्यात जानवळची कारवानी कुत्री आहेत, लांब तोंडाची, आत गेलेल्या पोटाची, सशामागं सुटली तर दिसेनाशी होणारी. ती सोडून हे? मान्य. पण मी कुठं निवडायला गेलो होतो? ओळखीतल्या एकाची बदली झाली, त्यांच्याकडं सात आठवड्यांचं पिल्लू होतं आणि माझी मुलगी ते पोटाशी धरून आमच्या पायरीवर बसली होती. विषय तिथंच संपला.

साल मात्र वाईट होतं, २०१६. मांजरा धरण कोरडं पडलेलं, पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदीचं १४४ कलम लागलेलं. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, १० डबे, ५ लाख लिटर, आणि लोक स्टेशनावर गाडी बघायला गेले. मीही गेलो होतो. त्यानंतर महिन्याभरात आमच्या घरात पिल्लू. गल्लीतल्या एका काकूंनी तोंडावर विचारलं, "माणसाला प्यायला नाही आन् तुम्ही कुत्रं पाळलालाव?" मी तेव्हा हिशेब मांडला होता, पिल्लाला दिवसाला वाटीभर लागतं म्हणून. आज साखरला उन्हाळ्यात तीन लिटर लागतं. हिशेब आजही मांडू शकतो, पण काकूंचा प्रश्न हिशेबाचा नव्हता हे मला तेव्हाही कळत होतं. उत्तर नव्हतं म्हणून वाटी दाखवली.

बागेचंही तसंच. बाग म्हणजे काय, घरामागं दहा बाय पंधराचा तुकडा. लिंबोणी, कढीपत्ता, शेवगा, दोन मोगरे, एक जास्वंद. त्यांना नळाचं पाणी मी देत नाही. तांदूळ-भाजी धुतल्याचं, कपडे खळबळल्याचं शेवटचं पाणी, आणि बुडाला बारीक भोक पाडून, त्यात चिंधी घालून मातीत पुरलेली मडकी. वर सोयाबीनच्या गुळीचा, म्हणजे भुश्याचा, जाड थर, ओल धरून ठेवायला. (गुळीत विंचू निघतो, हातानं उकरायची नाही. हे मी अनुभवानं सांगतोय.) साखरनं यातलं एक मडकं फोडलं, एक मोगरा मुळासकट उपटला आणि लिंबोणीखाली, रांजण पाझरतो तिथं, स्वतःच्या मापाचा खड्डा केला. दुपारी अकरापासून पाचपर्यंत तिचा मुक्काम तिथं किंवा कूलरसमोर. लाईट गेली की खड्डा, आली की कूलर. वर मी हिरवी जाळी बांधली, तर "कुत्र्याला शेडनेट" म्हणून आठवडाभर गंमत झाली. जाळी मोगऱ्यासाठी होती. म्हणजे, बांधताना मी तसं म्हणालो होतो.

तर सुट्टी. आमच्याकडं सहल म्हणजे मुळात येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. त्या अमावस्येला अख्खं लातूर शेतात, कडब्याची कोपी, भज्जी, आंबील, थंडीचे दिवस. साखर हरभऱ्यातून उड्या मारत जाते, आंबिलीच्या माठाभोवती घुटमळते, संध्याकाळी गाडीत घोरते. तिला बाहेर न्यायला मला आवडत नाही असं कुणी म्हणू नये. पहिली तीन वर्षं मी तिला सगळीकडं नेलं, उन्हाळ्यातही. माझं तेव्हाचं तत्त्वज्ञान असं होतं की सवय केली की होते. इथं राहायचं तर इथल्या उन्हाची ओळख हवी. विद्यार्थ्यांनाही मी असलंच काहीतरी सांगायचो.

२०१९ चा मे. मेहुणे सहकुटुंब आले होते, मुलांना काहीतरी दाखवायचं म्हणून खरोशाची लेणी ठरली. औसा ओलांडून पुढं, फार लांब नाही. पहाटे पाचला निघून नऊला परत, असा बेत मीच केला होता. पण पाहुणे घरात असले की पहाटे कुणी निघतं का? पोहे झाले, दुसरा चहा झाला, एकाचा चार्जर सापडेना. साडेआठला निघालो. मी एकदा म्हणालो, "साखरला ठेवू या घरी." मुलं ओरडली. मी दुसऱ्यांदा म्हणालो नाही.

खरोशाची लेणी जांभ्या दगडातली. वेरूळसारखा काळा घट्ट कातळ नव्हे. खडबडीत, भोकाभोकाचा, तांबूस. साडेदहाला त्याच्यावर तळहात ठेववत नव्हता. हे मला आठवतं, कारण मी ठेवला होता. मुलांना जांभा कसा बनतो ते सांगताना. माझ्या हाताला चटका बसला, मी हात काढला आणि जांभ्याबद्दल बोलत राहिलो. शेजारी साखर चार पायांवर उभी होती.

एका लेण्यात गारवा होता. ती आत शिरली आणि पोट जमिनीला टेकवून, मागचे पाय बेडकासारखे पसरून पडली. आम्ही फोटो काढले. मग पुढं जायचं म्हणून मी हाक मारली. तिनं डोळे वर करून बघितलं, उठली नाही. दुसरी हाक. शेपूट एकदा जमिनीवर आपटली, बस. तिसरीला तिनं तोंड फिरवलं. मेहुण्यांचा धाकटा म्हणाला, "मामा, ही ऐकत नाही तुमचं." तेव्हा मी वर्गात काढतो तो आवाज काढला. "साखर! चल!" आणि ती उठली.

एवढंच आहे बघा. पुढचं सगळं तुम्ही कुठल्याही कुत्रेवाल्याकडून ऐकू शकता, उन्हाचा झटका कसा येतो ते. माझ्या डोक्यात मात्र ती चौथी हाक आहे. कुत्र्यानं मला तीनदा नाही म्हटलं होतं. माझ्या मुलीनं इतकं स्पष्ट नाही म्हटलं असतं तर मी थांबलो असतो की नाही, हेही मी स्वतःला विचारलेलं आहे. उत्तर सांगत नाही.

खाली उतरताना ती झुलायला लागली. जीभ हातभर बाहेर, कडा जांभळट, लाळ दोरीसारखी. मग मागचे पाय गेले. खाली एक म्हातारी नारळ-फुलं घेऊन बसली होती. आमच्या बाटल्यांत सहा माणसांनी पिऊन उरलेलं तळाचं पाणी. म्हातारीनं काही न विचारता आपली घागर आणली, एवढ्या लांबून वाहून आणलेली, आणि साखरच्या पोटावर, जांघांत रिकामी केली. बोलत मात्र होती, आणि मला: "जनावराला असल्या उन्हात आणतेत व्हय? शिकलेली माणसं तुम्ही. ते आमचे कुत्रे बघा की. उठलालंय का एक तरी?" कडुलिंबाखाली तीन गावठी कुत्री होती, उकरलेल्या मातीत, पाय वर करून. आम्ही आल्यापासून ती तिथून हलली नव्हती. मी पाकीट काढलं तर म्हणाली, "ठेवा ते. कुत्र्याला पाणी घातल्याचे पैसे घेतेत का?"

रविवार. दोन दवाखान्यांचे फोन लागले नाहीत, तिसऱ्या डॉक्टरांनी उचलला आणि फोनवरच सांगत राहिले. बर्फ लावू नका, कातडीखालच्या शिरा आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका. साधं पाणी पोटावर, जांघेत, पंजांवर घालत राहा आणि वारा लागू द्या. जबरदस्तीनं पाजू नका. औश्याला पाण्याचा जार घेतला. मी मागच्या सीटवर, मांडीवर तिचं डोकं, बायको पदरानं वारा घालतेय, मुलगी एक शब्द बोलत नाही. डॉक्टरांनी थर्मामीटर लावला तेव्हा, एवढं सगळं करून, ताप १०६ च्या वर होता. कुत्र्याचं अंग मुळात १०१-१०२ असतं. घाम फक्त पंजांच्या गाद्यांना येतो, तोही नावाला. बाकी सगळी उष्णता तोंडानं बाहेर टाकायची. आणि हवाच अंगापेक्षा तापलेली असली तर धापा टाकून तरी काय होणार? हे मला त्या दिवशी कळलं, साखर तीन वर्षांची झाल्यावर. जांभा कसा बनतो ते मला आधीपासून माहीत होतं.

तीन दिवस सलाईन. दुसऱ्या दिवशी शौचातून रक्त. मूत्रपिंडाच्या तपासण्या दोन महिने. पंजांचे फोड भरायला पंधरा दिवस. वाचली. डॉक्टर म्हणाले, एकदा असं झालेल्या कुत्र्याला पुन्हा लवकर होतं, जपा.

म्हणून आम्ही जपतो. पावणेपाचला उठून फिरवून आणायचं, साडेसहानंतर डांबरी रस्त्यावर पाय नाही. संध्याकाळी आठशिवाय दार उघडायचं नाही, आणि तेव्हाही आधी हाताची पालथी बाजू रस्त्याला लावून बघायची. गल्लीतली पोरं याला "सरांचा नमस्कार" म्हणतात. दुपारी बिनमिठाचं पातळ ताक, बिया काढलेल्या टरबुजाचे तुकडे. लोक सांगतात हिचे केस भादरून टाका, गार वाटेल. भादरायचे नसतात, तेच केस ऊनही अडवतात. शंभरदा सांगितलं.

एकदा तिला सांभाळायला ठेवून गेलोही होतो, चार दिवसांसाठी, चांगल्या माणसांकडं. दोन दिवस जेवली नाही. आम्ही तिसऱ्या दिवशी परत. बायको परतीच्या प्रवासात खिडकीबाहेर बघत होती. साखरचं पोट दुसऱ्याच दिवशी ताळ्यावर आलं. बायकोशी बोलणं सुरळीत व्हायला जास्त दिवस लागले.

आता ती बाजू पण सांगतो, नाहीतर घरातलं कुणीतरी सांगेल. मला मे महिन्यातली लग्नं आवडत नाहीत. मंडपातली दुपार, आहेराची रांग, मुलीचं पुढं काय म्हणून विचारणारे. मला मेहुण्यांच्या सोसायटीतली गच्ची आवडत नाही. साखर आल्यापासून मला या सगळ्याला एक शब्दाचं उत्तर मिळालं आणि मी ते मनापासून वापरलं. बायकोनं मागच्या वर्षी सरळ विचारलं, "ही गेल्यावर काय सांगणार लोकांना?" साखर आता नऊ पूर्ण झाली, तोंड पांढरं झालंय, मागचा डावा पाय उचलून टाकते. असलं विचारू नये माणसानं. पण तिनं विचारलं, आणि मी "बागेला पाणी कोण घालणार" असं म्हणालो. ती हसली तरी बरं झालं असतं.

म्हणजे खरोशाचं प्रायश्चित्त म्हणून घरी बसतो, की घरी बसायला खरोशाचं कारण बरं पडतं? २०१९ च्या आधीच्या मला विचारलं तर तो म्हणेल, अरे, भित्रा झालास. त्याला मी म्हणेन, तू हात चटकन काढून घेतलास. यापुढं आमचं दोघांचं बोलणं जात नाही.

मुलगी आता पुण्यात शिकते. ती म्हणते, बाबा, साखरला त्या दिवसाचं काही आठवत नसणार, तुम्हीच धरून बसलाय. असेल. पण तेव्हापासून ती अंथरुणावरून उठत नसली तर मी दुसऱ्यांदा हाक मारत नाही. मग ती सगळ्या घराची वाट अडवते, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आडवी, आणि आम्ही दोघं तिच्यावरून भांडी घेऊन ढांगा टाकतो.

यंदा मेहुण्यांच्या लग्नाची पंचविशी आहे. बायकोनं मला न विचारता रात्रीच्या मुंबई गाडीची दोन तिकिटं काढली, पुण्यापर्यंतची. माझा एक जुना विद्यार्थी आता पशुवैद्यकीयच्या शेवटच्या वर्षाला आहे, तो चार रात्री आमच्याच घरी झोपायला तयार आहे. म्हणजे साखर तिच्याच खड्ड्यात, तिच्याच कूलरसमोर. मडक्यांचं त्याला मी दाखवून ठेवलंय, गुळीत हात घालू नको हेही सांगितलंय. आता माझ्याकडं कारण म्हणून काही उरलेलं नाही, हे बायकोला माहीत आहे आणि ती त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही.

गाडी बावीस तारखेची आहे. दुसरं तिकीट अजून तरी मी रद्द केलेलं नाही.