मिरकरवाड्याचं जाळं

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं. सोबत विषयही सुचवलेत : शाळेने दिलेले संस्कार, आठवणीतला वर्ग, शाळेची शिस्त. यातल्या एकावरही मला लिहिता येणार नाही. मला सर आठवतात. १९९१ची बॅच आणि पी.टी.चे सर एवढं म्हटलं की जुन्या मंडळींना नाव सांगावं लागत नाही.

रत्नागिरीत तेव्हा खेळ म्हणजे क्रिकेट, कबड्डी आणि खो-खो. पाऊस लागला की पी.टी.चा तास गणित नाहीतर इंग्रजीवाले घेऊन टाकायचे. सर मात्र तास सोडत नसत. सुब्रतो मुखर्जी कप या शालेय फुटबॉल स्पर्धेचे तालुक्याचे, जिल्ह्याचे सामने भर पावसात, त्यामुळे पावसात खेळायची सवय असलेली शाळा निम्मी मॅच आधीच जिंकते, असा त्यांचा हिशेब. शिवाय आपलं मैदान जांभ्याचं. पाणी मुरायला वेळ लागत नाही, फक्त पडलं की गुडघा सोलून निघतो. सर खिशात आयोडीनची बाटली घेऊनच मैदानात यायचे. बॉल डबक्यात अडकला की ओरडायचे, “मेल्या, त्याला पोहायला सोडलंस काय? खालून उचल!” पाण्यातला बॉल खालून उचलून मारायचा ही आमच्या शाळेची खासियत, आणि ती दुसऱ्या कुणाला साधत नसे.

नारळी पौर्णिमा झाली की सराव भाट्याच्या किनाऱ्यावर. वेळापत्रक कालनिर्णय बघून ठरायचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजाने निघते, हे आपल्याकडे होडीवाल्यांच्या पोरांना ठाऊक असतं, आम्हाला सरांनी शिकवलं. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी समुद्र चढलेला, सराव शाळेत. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आत-बाहेर, म्हणजे संध्याकाळी भरपूर रुंद आणि कडक वाळू. माझं पाऊणकीचं पाठांतर या फुटबॉलवर झालं.

बॉल चामड्याचा. पाणी प्यायला की हेडिंग करताना मान लचकायची. त्याच्या शिवणीत सर भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, चोळायचे. ते भिरंडेल त्यांच्या घरून यायचं, आणि आमच्या भेगाळलेल्या टाचांनाही तेच.

आता जाळ्याबद्दल. गोलपोस्ट म्हणजे सुरूचे दोन वासे आणि वर बांबू. मागे जाळी नाही, त्यामुळे मारलेला बॉल थेट पऱ्यात, म्हणजे मागच्या ओढ्यात, आणि गोल झाला की बाहेरून गेला यावर भांडण. आमचा गोलकीपर मिरकरवाड्याचा. त्याच्या अब्बांनी होडीवरचं टाकून दिलेलं जाळं दिलं. ते शाळेत आलं त्या दिवशी सातवीपर्यंतच्या वर्गांना नाक धरून बसावं लागलं, आणि बांबूवर ओळीने कावळे. मुख्याध्यापकांचा शिपाई निरोप घेऊन आला. सरांनी सांगितलं, “वास चार पावसांत जाईल म्हणावं, जाळी राहील.”

पण जाळं ठिकठिकाणी फाटलेलं. एका धो धो पावसाच्या दुपारी सरांनी ते पडवीत पसरलं, अख्ख्या टीमला भोवती बसवलं आणि शिकवायला बसवलं गोलकीपरला. हा मुलगा इंग्रजीच्या तासाला बहुतेक वेळ वर्गाबाहेर उभा असायचा. त्याने दप्तरातून लाकडी सुई काढली, दोरा भरला आणि दाखवायला लागला. गाठ कुठे धरायची, बोटाच्या मापाने भोक सारखं कसं ठेवायचं. आमच्यातला वर्गात पहिला येणारा पोरगा घामाघूम झाला, त्याची प्रत्येक गाठ सुटत होती. सरही मांडी घालून बसले होते. त्यांचीही चुकली. पुन्हा चुकली. तेव्हा सरांनी सुई गोलकीपरपुढे धरली आणि म्हणाले, “मास्तर, पुन्हा एकदा दाखवा.”

दाखवा! आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. गोलकीपरने मान खाली घालून दाखवलं, आणि मग पहिल्या नंबरवाल्याकडे वळून म्हणाला, “घट्ट ओढ रे, भात नाय कालवत आहेस.” सर सगळ्यांत मोठ्याने हसले. आमच्या ग्रुपवर तो अजून मास्तरच आहे. आता त्याची स्वतःची बोट आहे.

पाऊस अगदीच कोसळला तर सर वर्गात गोष्टी सांगायचे. १९११ साली कलकत्त्याच्या मोहन बागान क्लबने अनवाणी खेळून आयएफए शील्ड ही स्पर्धा कशी जिंकली, १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक कशी मारली आणि भारत चौथा कसा आला. १९५०च्या वर्ल्ड कपला आपला संघ बूट नसल्यामुळे गेला नाही, असंही ते सांगत. पुढे वाचलं की कारण तेवढंच नव्हतं, भारतीय फुटबॉल महासंघाला तेव्हा ऑलिंपिक जास्त मोलाचं वाटत होतं. पण आम्हा अनवाण्यांना सरांची गोष्ट जास्त आवडायची.

जिल्हा आम्ही जिंकलो. पुढे विभाग. महसुलात रत्नागिरी कोकणात, पण खेळात कोल्हापूर विभागात, आजही. म्हणजे जिल्हा जिंकलेल्या आपल्या पोरांनी आंबा घाट चढायचा आणि ज्या गावात पाटाकडील, खंडोबा अशा तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियम भरून माणसं मॅच बघतात, त्या गावच्या शाळेशी भिडायचं. किती गोलांनी हरलो ते लिहीत नाही, कोल्हापूरकरांच्या लक्षात असेल. परतीच्या एसटीत सरांनी आम्हाला मलकापूरला भजी खायला घातली आणि कोल्हापूरच्या हाफबॅकची पासिंग कशी होती यावरच घाट उतरेपर्यंत बोलले. २०१७च्या सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपला भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव दिसला, तेव्हा मला ते बोलणं आठवलं.

मी सध्या पुण्यात एका कंपनीत प्लँट हेड आहे. सांगायला अभिमान वाटतो की पन्नाशीच्या उंबरठ्यावर फुटबॉल महासंघाचं प्रशिक्षकाचं ‘डी’ लायसन्स काढलं आणि रविवारी सोसायटीतली पोरं घेऊन खेळवतो. त्यांना महागाचे बूट आहेत. आभाळ भरलं की त्यांच्या आयांचे फोन येतात.

गेल्या गणपतीत शाळेत गेलो होतो. नवी इमारत छान आहे, पण ती पऱ्याकडच्या गोलवर उभी आहे. उरलेल्या मैदानात पेव्हर ब्लॉक आणि गाड्या. १५ सप्टेंबर २०१७ला सरकारने राज्यभर लाखो मुलांच्या पायात एका दिवसासाठी फुटबॉल दिला होता. तो दिवस चांगलाच, पण पोरांना पाय टेकायला मैदान लागतं आणि सरांसारखा तास न सोडणारा माणूस लागतो. गावात आता तासाच्या भाड्याने टर्फ मिळतं म्हणतात.

सरांच्या नावाने आंतरशालेय फुटबॉल सुरू करण्याचा विचार आहे, असं समितीच्या पत्रात आहे. ढालीचा खर्च आम्ही १९९१वाले उचलतो, तसं लेखी कळवलं आहे. जाळी मास्तर देणार. फक्त तारखा डिसेंबरच्या धरल्या आहेत, पाहुण्यांच्या सोयीसाठी. त्या कृपया ऑगस्टच्या कराव्यात.