पहिल्या लॉटचे आयपॉड: ठाण्याच्या टेबलावरून, पावसाळा अखेरची नोंद

टेबलावर सध्या आयपॉडचे, म्हणजे ॲपलच्या जुन्या म्युझिक प्लेअरचे, पाच नग आहेत. पाचव्या पिढीचे दोन, ३० जीबीवाले (२००५). २००६ चा सुधारित ८० जीबीवाला एक, ज्याला आपण सगळे 'साडेपाच' म्हणतो. २००७ चा ८० जीबी 'आयपॉड क्लासिक' एक, आणि २००९ चा १६० जीबी क्लासिक एक. पाचही नगांवर ठरलेलं काम तेच: आतली फिरणारी १.८ इंची डिस्क काढायची, तिच्या जागी आयफ्लॅशचा बोर्ड (डिस्कऐवजी मेमरी कार्ड जोडू देणारा अडॅप्टर) आणि मेमरी कार्ड बसवायचं. आजवर तीन पूर्ण झालेत, एक उघडा पडलाय, एकाला अजून हात लावलेला नाही. हात का लावला नाही, ते पुढे येईलच.

आधी पहिल्या लॉटबद्दल थोडं, कारण कोणत्या नगावर किती खर्च करायचा हे त्यावरच ठरतं. ५ सप्टेंबर २००७ ला क्लासिक जाहीर झाला. त्याच कार्यक्रमात ८ जीबी आयफोनची किंमत ५९९ डॉलरवरून ३९९ वर आणली गेली. तो फोन बाजारात येऊन जेमतेम ६८ दिवस झाले होते. पहिल्या गिऱ्हाइकांनी आरडाओरड केली आणि दुसऱ्याच दिवशी स्टीव्ह जॉब्ज यांनी पत्र काढून १०० डॉलरची सवलत दिली. पैशाचं नुकसान असं थोडंफार तरी भरून निघतं. पण त्याच दिवशी जाहीर झालेल्या क्लासिकच्या पोटात एक मर्यादा होती, तिची भरपाई कोणी केली नाही. दोन वर्षांनी आलेल्या मॉडेलमध्ये ती गुपचूप काढून टाकली गेली.

ती मर्यादा अशी. डिस्कवरच्या प्रत्येक कप्प्याला एक नंबर असतो आणि २००७ व २००८ च्या क्लासिकचं मूळ सॉफ्टवेअर हा नंबर २८ बिटांत मोजतं. दोनाचा अठ्ठाविसावा घात गुणिले ५१२ बाइट, म्हणजे १३७,४३८,९५३,४७२ बाइट. त्यापलीकडची जागा त्या मशीनला दिसतच नाही. बाजारातलं १२८ जीबी कार्ड साधारण १२८ अब्ज बाइटचं असतं, ते यात बसतं. २५६ चं घातलंत तर वरचे पैसे पाण्यात. २००९ च्या मॉडेलमध्ये नंबर ४८ बिटांचा झाला आणि प्रश्न मिटला.

घोळ असा की बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. मागच्या पत्र्यावरही दोघांच्या ए-१२३८ हाच नंबर कोरलेला असतो. विकणारा '१६० आहे' म्हणाला तरी विश्वास ठेवू नका, कारण २००७ मध्येही एक जाड पाठीचा १६० निघाला होता. सेटिंगमधल्या माहितीच्या पडद्यावर मॉडेल नंबर बघा: एमसी-२९३ किंवा एमसी-२९७ असेल तर २००९ चा. एमबी-०२९ किंवा एमबी-१४७ म्हणजे २००७ चा ८० जीबी, आणि एमबी-५६२ किंवा एमबी-५६५ म्हणजे २००८ चा १२०. पत्रा बदललेला असू शकतो, डिस्कही बदललेली असू शकते, पण हा नंबर बोर्डाबरोबर राहतो.

पाचव्या पिढीत दुखणं वेगळं आहे. तिथे कार्ड कितीही मोठं चालतं, कमी पडते ती रॅम. ३० जीबीवाल्यात ३२ एमबी, ६० आणि ८० वाल्यात ६४ एमबी. गाण्यांची अख्खी यादी मूळ सॉफ्टवेअर रॅममध्ये ओढतं, त्यामुळे ३२ एमबीवर वीस हजार गाण्यांच्या आसपास दम लागतो. लक्षण ठरलेलं: सिंक नीट होतं, मेनू दिसतो, मग मशीन आपोआप रिसेट होतं, आणि हेच चक्र चालू राहतं. लोक अशा वेळी कार्डाला शिव्या देतात. कार्ड निर्दोष असतं. गाणी कमी करा किंवा रॉकबॉक्स टाका, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरऐवजी चालणारं मोफत सॉफ्टवेअर. रॉकबॉक्समध्ये सरळ फोल्डर उघडून गाणी वाजवता येतात, अख्खी यादी रॅममध्ये धरावी लागत नाही. साडेपाच आणि पाच ओळखायची खूण म्हणजे म्युझिक मेनूत 'सर्च' आहे का ते बघणं. साडेपाचचा पडदाही जास्त उजळ आहे. २००५ च्या ऑक्टोबरात घेणाऱ्यांना हे अकरा महिन्यांनी कळलं. पहिलेपणाची ही किंमत ठाणेकरांना नवी नाही म्हणा: १८५३ ची पहिली गाडी ठाण्यालाच संपत होती, कल्याणपर्यंतचा रूळ १८५४ सालचा.

आता प्रत्यक्ष काम, ३० जीबीच्या नगावरून.

उघडण्याआधी डिस्कची तब्येत बघून घ्या. मेनू आणि मधलं बटण एकत्र दाबून रिसेट करा. लोगो दिसला की लगेच मधलं आणि मागे जायचं बटण धरून ठेवा, तपासणीचा मेनू येतो. हार्ड डिस्कच्या 'स्मार्ट' माहितीत (डिस्कने स्वतः ठेवलेली तब्येतीची नोंद) 'पेंडिंग' किंवा 'रिअलॉक'चे, म्हणजे खराब कप्प्यांचे, आकडे शेकड्यांत असतील तर आधी गाणी उतरवून घ्या, नंतर पश्चात्ताप नको. ज्याच्या डिस्कवर आकडे शून्य आहेत त्याने घाई करू नये, हे आमचं मत. चालती डिस्क काढलीच तर जपून ठेवा, दुसऱ्या कोणाच्या उपयोगाला येते.

होल्डचा, म्हणजे बटणं बंद ठेवणारा, खटका चालू करा. प्लास्टिकची पातळ पट्टी, जुनं गिटार पिकही चालतं, बाजूच्या फटीत दोन-तीन मिलिमीटरच घाला आणि खटके एकेक सोडवत जा. पाठ सुटली की झटक्यात ओढायची नाही. पुस्तक उघडल्यासारखी, अगदी थोडीच. बॅटरी पाठीला चिकटलेली असते आणि तिची पट्टी केबल बोर्डात अडकलेली असते. सगळ्यात जास्त नग इथेच मरतात. बॅटरीच्या सॉकेटची कडी दोन्ही टोकांकडून थोडी थोडी करून सुमारे दोन मिलिमीटर वर उचलायची. ती बाहेर काढायची नसते. एका बाजूने उचकटली तर सॉकेटच बोर्डावरून निघतं आणि मग गरम हवेच्या सोल्डरिंगशिवाय इलाज नाही. त्यानंतर डिस्कखालची हेडफोन जॅकची पट्टी. तिची कडी मात्र उलटते. मग पाठ वेगळी होते.

डिस्कच्या पट्टीची काळी कडी नव्वद अंशांत उभी करा, पट्टी सरळ मागे ओढा. काढताना तिची तांब्याची बाजू कुठे होती त्याचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा. बोर्डात ती उलटीही बसते, विरोध न करता बसते, आणि मग पडद्यावर फोल्डर आणि उद्गारचिन्ह येतं. हे चित्र दिसलं की पहिला संशय पट्टीवर, दुसरा कार्डावर, बोर्डावर सगळ्यात शेवटी.

कार्ड बसवण्याआधी तपासा. खोट्या क्षमतेची कार्डं सगळीकडे विकली जातात, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर डोळ्यांदेखत घेतलं म्हणून खरं ठरत नाही. तपासणीचे प्रोग्रॅम: विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू, लिनक्सवर एफ-थ्री. पूर्ण कार्ड भरून परत वाचायचं. १२८ जीबी कार्ड सेकंदाला २० एमबीने भरायला पावणेदोन तास लागतात, वाचायचे वेगळे. कंटाळवाणं आहे, पण नंतर अर्धी गाणी मुकी निघण्यापेक्षा बरं. महागडं वेगवान कार्ड घेऊ नका, जुन्या बोर्डाला तो वेग झेपतच नाही. दोन किंवा चार कार्डांच्या बोर्डावर सगळी कार्डं मिळून एकच डिस्क दिसते. एक जरी काढलं तरी पुन्हा पहिल्यापासून रिस्टोर, म्हणजे कॉम्प्युटरवरून मूळ सॉफ्टवेअर नव्याने टाकणं.

रिस्टोर पाठ लावण्याआधीच करा, आणि रॉकबॉक्स टाकायचं असेल तर विंडोजवरूनच, कारण मॅकवर रिस्टोर केलं की डिस्क वेगळ्या पद्धतीने फॉरमॅट होते आणि रॉकबॉक्सला विंडोजची फॅट-३२ पद्धत लागते. १४३९ नंबरची चूक वारंवार आली तर यूएसबी हब काढा, केबल बदला, रिसेटनंतर मधलं आणि प्ले बटण धरून डिस्क मोडमध्ये नेऊन पुन्हा करा. केबलबद्दल जरा जास्त सांगायला हवं. २०१२ मध्ये लाइटनिंग हा ॲपलचा छोटा जोड आल्यापासून ३० पिनांच्या चांगल्या केबली दुर्मीळ होत गेल्या. स्टेशनबाहेर मिळणाऱ्या स्वस्त केबलीत काही वेळा फक्त चार्जिंगच्या तारा असतात. मशीन चार्ज होतंय पण कॉम्प्युटरला दिसत नाही, असं झालं तर आधी केबलवरच संशय घ्या.

डिस्क गेल्यावर आत पोकळी राहते. एक-दोन मिलिमीटरचा फोम पुरे. जाड फोम भरला की पडद्यावर मागून दाब येतो आणि काळसर डाग उमटतो. त्याच पोकळीत मोठी बॅटरी बसवायचा मोह होतो. जाडी मोजल्याशिवाय मागवू नका, आणि कव्हरवर छापलेल्या आकड्याला फार मान देऊ नका. ३००० एमएएचची बॅटरी खरोखरच तेवढी असली तरी ५०० मिलिअँपियरने भरायला सहा तासांहून जास्त लागणार. बॅटरीचं चिन्हही मूळ बॅटरीच्या हिशेबाने चालतं, तेव्हा ते लाल झाल्यावरही मशीन बराच वेळ वाजत राहतं.

फुगलेली जुनी बॅटरी निघाली तर टोकदार काही लावायचं नाही, पाठीवरून सोडवायला मेणाचा दोरा किंवा प्लास्टिकचं कार्ड. नंतर कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवून ई-कचरा केंद्राकडे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती घरच्या कचऱ्यात टाकता येत नाही. पहिल्या लॉटच्या बॅटरीची एक गोष्ट नोंदवण्यासारखी: पहिल्या पिढीच्या नॅनोची (छोटा आयपॉड, २००५-०६) बॅटरी तापण्याच्या धोक्यामुळे नोव्हेंबर २०११ मध्ये कंपनीने नग बदलून द्यायची योजना जाहीर केली. बऱ्याच जणांना बदल्यात थेट सहाव्या पिढीचा नॅनो मिळाला. सहा वर्षं जुना नग न विकता ठेवणाऱ्यांचा असा फायदा क्वचितच होतो.

क्लासिक उघडणं हे निराळंच प्रकरण. पुढे अॅल्युमिनियम, मागे स्टील, खटके घट्ट. प्लास्टिकची पट्टी वाकते, पुट्टीची पातळ पोलादी पट्टी लागते, आणि कुठली तरी कड वाकणारच. वाकायचीच असेल तर मागची वाकू द्या. मागचा पत्रा बदलता येतो. या छंदात नवीन असाल तर पहिला हात क्लासिकवर मारू नका.

पावसाळ्याचा हिशेब. घोडबंदरकडे खाडीची हवा, जुलै-ऑगस्टमध्ये उघडा बोर्ड रात्रभर टेबलावर ठेवला तर सॉकेटच्या टोकांवर हिरवट थर धरायला वेळ लागत नाही. हवाबंद डबा आणि नारिंगी सिलिका जेल. निळं जेल टाळा, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं. रंग उतरला की १२० अंशांवर दोन तास भट्टीत. पिना ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि मऊ ब्रशने. घामेजल्या बोटांनी पुढचं स्पर्शाचं चाक वेडंवाकडं पळतं तेव्हाही आधी हेच करा, चाक लगेच बदलू नका.

सद्यस्थिती. दोन्ही ३० जीबीवाले १२८ च्या कार्डावर, रॉकबॉक्ससह चालू. साडेपाच २५६ वर, मूळ सॉफ्टवेअर ठेवलंय, ६४ एमबी रॅमला काही त्रास नाही. २००९ चा क्लासिक उघडा, डब्यात, कारण मागचा पत्रा यायचा आहे. बॅटरी सुटी असेल तर विमानाने पाठवायला कुरिअरवाले बऱ्याचदा नकार देतात, म्हणून बॅटरी आणि पत्रा वेगळे मागवले आहेत. २००७ च्या क्लासिकची डिस्क तपासणीत स्वच्छ निघाली, पेंडिंग शून्य. १३७ जीबीच्या कुंपणासाठी चालती डिस्क काढायची नाही असं ठरलं. त्याची फक्त बॅटरी बदलायची आहे, तीही हवा कोरडी झाल्यावर, दिवाळीच्या सुमारास.