मशीनला ट्रे बसला

रविवार, रात्री

लाकूड फोडायच्या मशीनला आज दोन्ही बाजूंनी ट्रे बसवून घेतले. मशीन वखारीत आलं तेव्हापासून हे मनात होतं. लाकूड फोडणाऱ्या मामांच्या हातातली कुऱ्हाड आणि घण सुटला, खांद्यांना आराम पडला; कंबर मात्र तशीच झिजत होती. मशीन लाकूड फोडतं, पण फोडलेलं उचलून देत नाही.

फूटभर जाडीचा, दीड फूट लांबीचा बाभळीचा ओंडका वाळलेला असला तरी 25 किलोच्या आसपास भरतो. तो उचलून गर्डरवर, म्हणजे मशीनच्या आडव्या लोखंडी तुळईवर ठेवायचा. पाचरीवर रेटला की दोन फाकी होतात आणि दोन्ही धाडकन खाली पडतात. मग वाका, एक उचला, परत फोडा. वाका, दुसरी उचला. म्हणजे तेच 25 किलो पुन्हा जमिनीवरून वर आणायचे. लग्नाच्या आचाऱ्यांना जाड फाकी चालतात, पण कडक भाकरी करणाऱ्या ताईंना बारीक सरपण लागतं, नाहीतर तव्याखाली जाळ सारखा राहत नाही. त्यांच्यासाठी एकच ओंडका चार-चारदा पाचरीवर जातो. आपल्या सोलापूरच्या उन्हात ही उठबस दिवसभर करणाऱ्याचं काय होतं, हे मी मामांच्या चालण्यात बघत आलोय.

मिस्त्री आधी पत्र्याचा ट्रे करू म्हणाले. मी नको म्हटलं. पत्र्यावर साल आणि ढलप्या साचतात, मग फाक सरकत नाही. त्याऐवजी अँगलची चौकट केली आणि आत 16 मिमीच्या सळया दोन बोटं अंतर सोडून जोडल्या. कचरा आपोआप खाली गळतो. गर्डरकडची कड गर्डरच्या वरच्या पातळीला ठेवली आणि बाहेरची थोडी वर घेतली, म्हणजे फाक बाहेर न घरंगळता आतच टेकते. उचलायची गरज नाही, नुसती ओढून घेतली की पुन्हा पाचरीसमोर.

रुंदीवर मात्र बराच वेळ गेला. ओंडका रेटणारा तेलाचा सिलिंडर 100 मिमी बोअरचा, म्हणजे आतून तेवढ्या व्यासाचा. तेलाचा दाब चौरस सेंटिमीटरला 150 किलोवर गेला की तो जवळजवळ 12 टनांनी रेटतो. फुटताना लाकूड बाजूंना फाकतं. तेव्हा बाहेरची कड जवळ असेल तर फाक तिच्यात अडकणार, आणि 12 टनांपुढे अँगल वाकायला कितीसा वेळ लागतो! त्याहून मोठी भीती हाताची. फाक आणि कड यांच्यामध्ये बोटं आली तर विचारच नको. म्हणून सगळ्यात जाड ओंडका आडवा ठेवून मोजलं आणि त्याशिवाय वीतभर मोकळी जागा सोडली. लिव्हरच्या बाजूचा ट्रे आखूड ठेवला, मामांना ट्रेवरून ओणवं व्हावं लागू नये म्हणून.

ट्रे गर्डरला वेल्ड केले नाहीत, क्लॅम्प आणि नटबोल्टनेच धरलेत. वेल्डिंग सगळं मशीनपासून लांब, जमिनीवर. वेल्डिंगचा करंट सिलिंडरच्या दांड्यातून गेला तर त्यावर बारीक खड्डे पडतात आणि मग तेलाचं सील टिकत नाही. शिवाय होज, म्हणजे तेलाची रबरी नळी, ठिणगीने जळते ती वेगळीच.

संध्याकाळी पहिला ओंडका लावला तो मुद्दाम कडुनिंबाचा. त्याचे रेषे एकमेकांत गुंतलेले, सरळ फुटतच नाही. दोन फाकी तंतूंवर लोंबकळत राहतात. आधी अशा वेळी मामा एका हाताने फाक धरायचे आणि दुसऱ्याने लिव्हर. ते बघताना माझा जीव वर-खाली व्हायचा. आज फाकी दोन्ही ट्रेवर टेकल्या, हात लांब राहिला. मामा म्हणाले, "हे बरं झालं की ओ मालक, आता नुसतं सरकवायचं." दोन्ही हात लिव्हरवरच ठेवायचे, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.

एक काम राहिलंय. दोन्हीकडे ओल्या बाभळीच्या फाकी असल्या की ट्रे किंचित झुलतो. खालून गर्डरच्या पोटाला तिरका टेकू द्यावा लागेल. मिस्त्री उद्या सकाळी येतो म्हणालेत. टेकू लागल्याशिवाय मोठे ओंडके लावायचे नाहीत. तोवर भाकरीवाल्या ताईंचं बारीक सरपण फोडून घेऊ.