भाड्याच्या घरात बिनवायरचे दिवे

भाड्याच्या फ्लॅटमध्ये भिंत फोडून वायरिंग करता येत नाही. म्हणून ओट्यावरच्या कपाटांखाली आणि माळ्यावर मी सेलवर चालणारे, रिमोटचे गोल एलईडी दिवे लावले. मुंबईत विजेच्या सामानाच्या बाजारात, लोहार चाळीत फिरताना एकच अट ठेवली: रिमोटवर चालू आणि बंद यांची बटणं वेगळी हवीत. एकाच बटणाचा रिमोट असेल आणि एखाद्या दिव्याला सिग्नल पोचला नाही, तर पुढच्या दाबाला बाकीचे विझतात आणि नेमका तोच पेटतो.

सहा दिव्यांना प्रत्येकी ३, म्हणजे १८ ट्रिपल-ए सेल. खरा खर्च इथेच आहे. साधे झिंक-कार्बन सेल लवकर मान टाकतात, अल्कलाइनच घ्यावेत. तीन अल्कलाइनचे ४.५ व्होल्ट होतात, चार्जिंगवाल्यांचे ३.६. पांढऱ्या एलईडीलाच ३ च्या आसपास लागतात, त्यामुळे चार्जिंगवाल्यांवर उजेड मंद पडतो. माळ्यावर चालून जातो, ओट्यावर तांदूळ निवडायला नाही. दिवा १०० मिलिअँपिअर खात असेल, तर १००० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या सेलवर कागदावर १० तास. प्रत्यक्षात उजेड त्याच्या बराच आधी उतरतो. म्हणून आपोआप विझण्याचा टायमर ३० मिनिटांवरच.

चिकटवण्यात घाई नको. कपाटाखाली फोडणीचा तेलकट थर असतो. आधी भांड्यांच्या साबणाने, मग कोरडं करून स्पिरिटने पुसलं. दिव्याची मागची चकती फिरवून सुटी केली, दुहेरी टेपने तेवढीच चिकटवून अर्धा मिनिट दाबून धरली, आणि दिवा दुसऱ्या दिवशी बसवला. सनमायकावर टेप घट्ट बसते. डिस्टेंपरच्या भिंतीवर मात्र टेप रंगाचा पापुद्रा घेऊनच खाली येते, पावसाळ्यात तर हमखास.

रिमोट इन्फ्रारेड असतो, त्याला दिवा समोर दिसावा लागतो. बंद दाराआडचा दिवा हातानेच दाबावा. नवा रिमोट मुका वाटला, तर त्यातल्या बटणासारख्या चपट्या सेलखालची प्लास्टिकची पट्टी ओढलीय ना ते बघा. मग मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर बटण दाबा: जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट ठीक, दोष दिव्यात.

दिवा विझलेला असतानाही आतला रिसीव्हर थोडा करंट घेतच राहतो. मे महिन्यात गावी जाताना सेल काढून ठेवावेत. जुने-नवे सेल एकत्र घालू नयेत. कमजोर सेल आधी गळतो. अल्कलाइन गळून पत्तीवर पांढरी पूड धरली, तर कापसाच्या काडीवर व्हिनेगर घेऊन पुसावी आणि पूर्ण वाळल्यावरच नवे सेल घालावेत.