कोण बघतंय?

कथा लिहायला शिकता येतं का, यावर आमच्या घरात एकदाच चर्चा झाली. "पोळ्या नाही का शिकाव्या लागत?" या सासूबाईंच्या वाक्यावर ती संपली आणि मी इग्नूचा, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा, फॉर्म भरला. दिल्लीतलं मैदानगढीचं हे विद्यापीठ १९८५ सालचं; आपलं नाशिकचं मुक्त विद्यापीठ त्यानंतर चार वर्षांनी आलं. मी घेतला तो सर्जनशील लेखनाचा डिप्लोमा इंग्रजीतला. म्हणजे दिवसभर जगायचं मराठीत आणि रात्री लिहायचं इंग्रजीत. इग्नूच्या हिशेबानं एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. माझे तास रात्री साडेनऊनंतर, ओटा पुसून झाला की सुरू व्हायचे.

पुस्तकांत धड्याच्या मधेच एक चौकट येते, 'तुमची प्रगती तपासा'. खाली उत्तरासाठी कोऱ्या रेघा, आणि बरोबर उत्तरं धड्याच्या शेवटी. कथानक म्हणजे काय, ते शेवटचं पान बघून लिहिता येतं. (मी लिहिलंही.) पण कथा लिहा म्हटल्यावर मागे काहीच नसतं.

असाइनमेंट हातानंच लिहायची, त्यामुळे शब्दही स्वतःच मोजायचे. शंभर शब्द झाले की तुरीचा एक दाणा वाटीत. बारा दाणे झाले तेव्हा माझी पहिली कथा संपली. विषय सासूबाईंचाच होता, त्यांना अर्थातच सांगितलं नव्हतं. सगळ्यांची जेवणं झाल्यावर एक बाई नातवंडांच्या ताटातलं उरलेलं खाते, एवढीच गोष्ट.

अडलं ते 'उष्टं' या शब्दावर. इंग्रजीत उरलेलं अन्न आहे, शिळं आहे, पण उष्टं नाही. तोंड लागलेलं, दुसऱ्यानं खाऊ नये असं, आणि तरी आई खाते ते. मग मी कथेच्या मध्यात पाच ओळींचं व्याख्यान घातलं. त्याच परिच्छेदात बाईच्या मनात काय चाललंय ते सांगितलं, मुलाच्या मनातलं सांगितलं, दारातल्या मांजराच्या मनातलंही सोडलं नाही.

वही परत आली. पाच ओळींच्या त्या व्याख्यानाशेजारी हिरव्या शाईत तीनच इंग्रजी शब्द होते: हे कोण बघतंय?

आधी राग आला. कोण बघणार, मी बघतेय! वर्गात असते तर हात वर करून समजावलं असतं, सासूबाई असं करतात, तसं करतात. पण तपासणाऱ्याला माझा चेहरा माहीत नव्हता, फक्त एनरोलमेंट नंबर ठाऊक. कथेसोबत मी जाणार नव्हतेच. दूरस्थ शिक्षणाची ही गैरसोय कथा शिकायला भलतीच सोयीची निघाली.

चार-पाच दिवस तो प्रश्न डोक्यात घेऊन फिरले. बसमध्ये, बँकेच्या रांगेत, सगळीकडे कोण कोणाकडे बघतंय तेवढंच दिसायला लागलं. मग कथा पुन्हा लिहायला घेतली, घरात नुकत्याच आलेल्या सुनेच्या नजरेतून. माहेरी हे तिनं कधी पाहिलेलं नाही. सासू नातवाच्या ताटातली तुकडे मोडलेली पोळी उचलते, वरणात बुडवते, खाते. सून उठून नवीन पोळी वाढायला जाते आणि सासू हातानंच 'नको' म्हणते. मांजर गेलं. व्याख्यान गेलं. सात दाणे झाले आणि शेवटपर्यंत 'उष्टं' हा शब्द लागलाच नाही.

पाकीट टाकून आले त्या रात्री लेकाच्या ताटात अर्धी पोळी आणि बटाट्याच्या दोन फोडी उरल्या होत्या. ताट मोरीकडे नेता नेता मी पोळी मोडली. घास तोंडात टाकून वळले, तर मुलगी पाण्याचा तांब्या हातात घेऊन माझ्याकडे बघत होती.