चहा देणारी माणसं

काचेच्या पेटीत एक जुना काळा टेलिफोन. लंडनच्या बँक स्टेशनजवळचं सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्च. दुपारी पाऊस चुकवायला आत शिरले आणि त्या पेटीपाशीच थबकले.

हा रेव्हरंड चॅड वॅरांचा फोन. अँग्लिकन पाद्री. १९३५ साली इंग्लंडमधल्या लिंकन शहरात त्यांनी एका १४ वर्षांच्या मुलीचा अंत्यविधी केला. पाळी आली होती तिला, बाकी काही नाही. गुप्तरोग झालाय असं वाटून तिनं जीव दिला. विचारणार कुणाला? (आपल्याकडे निदान 'कावळा शिवला' म्हणायचे. तेही सांगणं नव्हेच म्हणा.)

१९५३ च्या नोव्हेंबरात त्यांनी याच चर्चमधून हताश माणसांसाठी फोन सुरू केला. खचलेल्या माणसांचं फोनवर ऐकून घेणाऱ्या 'सॅमरिटन्स' या संस्थेची ती सुरुवात.

मी अडकले ते पुढच्या गोष्टीत. वॅरांना भेटायला माणसं ताटकळत बसायची, म्हणून मदतनीस त्यांना चहा द्यायचे, चार शब्द बोलायचे. आणि कित्येक जण तिथंच मोकळे होऊन पाद्र्याला न भेटताच घरी जायचे! काही महिन्यांतच वॅरांनी ऐकायचं काम या चहा देणाऱ्यांकडे सोपवून टाकलं.

काल संध्याकाळी पुण्याहून मैत्रिणीचा फोन आला होता. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी डॉक्टर, योगा, 'जरा बाहेर पडत जा', सगळं सांगून मोकळी. "बरं, ठेवते," म्हणाली.

तिकडे आता साडेसात झालेत. कुकर लावत असेल. करू का फोन?