आठ ठोक्यांचा पूर्णविराम

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, असे समितीचे पत्र आले आणि ते वाचता वाचता माझा हात सवयीने खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. पत्रात माझ्या नावामागे 'श्री' लिहून त्यापुढे टिंब दिले होते. 'श्री' हा काही संक्षेप नव्हे, तो पूर्ण शब्द आहे, मग टिंब कशाला, असे मनात आले. आणि पाठोपाठ हेही आले की, हा प्रश्न मुळात माझा नसून सरांचा आहे. सरांचे आडनाव येथे लिहिण्याची गरज नाही. आपल्या शाळेत सर पुष्कळ होते, पण नुसते 'सर' म्हटले की जिन्याशेजारच्या वर्गात इंग्रजी शिकविणारे ते एकच.

त्या काळी इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे. आठवीत सरांच्या हाती पडलो तेव्हा आमच्या इंग्रजी वाचनाची गाडी एकही स्टेशन न घेता धावत होती. सरांनी तिला थांबे दिले. एकाने उभे राहून धडा वाचायचा आणि सरांनी बोटाच्या पेराने टेबलावर ठोके द्यायचे: स्वल्पविरामाला एक, अर्धविरामाला दोन, अपूर्णविरामाला चार आणि पूर्णविरामाला आठ. ठोके संपेपर्यंत पुढचा शब्द उच्चारायचा नाही. आठ ठोके म्हणजे केवढा काळ असतो, हे भर वर्गात पुस्तक धरून उभे राहिलेल्यालाच कळेल. तेवढ्यात मागच्या बाकावरून हसू फुटायचे, आणि ते ऐकून सर पुन्हा पहिल्या ठोक्यापासून सुरुवात करायचे. हा त्यांचा विक्षिप्तपणा आहे, अशी माझी अनेक वर्षे समजूत होती. पुढे नोकरीच्या निमित्ताने जुनी व्याकरणे चाळताना लिंडले मरे यांच्या १७९५ सालच्या इंग्रजी व्याकरणात अगदी हेच प्रमाण सापडले: प्रत्येक चिन्हाचा विराम आधीच्या चिन्हाच्या दुप्पट. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा नियम आमच्या कौलारू वर्गात टेबलावर वाजत होता, आणि तोवर खुद्द इंग्रजीत विरामचिन्हे श्वासासाठी नव्हेत, तर वाक्याची रचना दाखविण्यासाठी असतात, हे मत रूढ होऊन बराच काळ लोटला होता.

सरांना ते ठाऊक नव्हते असे मात्र कोणी समजू नये. त्याचा पुरावा म्हणजे माझा 'माय फॅमिली' हा निबंध. त्यात मी लिहिले होते, 'माय फादर हॅज टू ब्रदर्स, हू वर्क इन बॉम्बे.' सरांनी वही समोर धरून विचारले, "तुझ्या वडिलांना भाऊ किती?"

"तीन, सर."

"तिसरे काय करतात?"

"शेती करतात. आमच्याकडेच असतात."

"मग त्यांना घराबाहेर का काढलेस?"

मला काहीच उमगेना. तेव्हा सरांनी फळ्यावर ते वाक्य दोनदा लिहिले, एकदा स्वल्पविरामासह आणि एकदा त्यावाचून. स्वल्पविराम दिला तर वडिलांना भाऊ दोनच, आणि ते दोघेही मुंबईत. काढला तर मुंबईत काम करणारे दोन, आणि आणखी कोणी असायला जागा शिल्लक. "एका टिकलीएवढ्या रेघेने तू आपला धाकटा काका नाहीसा केलास," असे म्हणून त्यांनी तो स्वल्पविराम लाल शाईने खोडला. त्या संध्याकाळी गोठ्यात धार काढीत बसलेल्या धाकट्या काकांकडे मी अपराध्यासारखा पाहत राहिलो. आजही असे वाक्य समोर आले की, मला आधी काका दिसतात आणि मग व्याकरण.

मेजर थॉमस कँडी यांचे नाव मी प्रथम ऐकले तेही इंग्रजीच्याच तासाला. मोडी लिखाणात शब्दसुद्धा एकमेकांना चिकटून चालत आणि विरामचिन्हे नव्हती; एकोणिसाव्या शतकात ती मराठीत रुजविण्याचे श्रेय या इंग्रज माणसाकडे जाते. "तेव्हा इंग्रजीचा स्वल्पविराम परक्याचा म्हणून टाकू नका, तुमच्या मराठीच्या वहीतही तोच आहे," असे सर म्हणत.

१९७२ साली मी जुनी अकरावी उत्तीर्ण झालो, पुण्यात एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून लागलो आणि पुढे परदेशी संशोधनपत्रिकांचे इंग्रजी तपासण्याच्या कामात शिरलो. निवृत्त होताना माझ्या हाताखाली तीस जण होते आणि त्यांपैकी बहुतेक जण इंग्रजी माध्यमात शिकलेले होते, हे येथे थोड्या अभिमानानेच नमूद करतो. पण त्या खुर्चीत बसून मी दिवसभर काय केले असेल, तर सरांचे नियम मोडले. 'अँड'च्या आधी स्वल्पविराम द्यायचा नाही, हा त्यांचा दंडक. आमच्या अमेरिकी पत्रिकांना यादीत तो हवाच असे. 'मिस्टर'च्या संक्षेपापुढे टिंब हवेच, असे सर सांगत. ब्रिटिश पत्रिका ते काढून टाकायला लावत, कारण ज्या संक्षेपात शब्दाचे शेवटचे अक्षर येते त्याला टिंब नको, असे त्यांचे तर्कशास्त्र. 'आय' आणि 'वुई' यांच्यापुढे 'शॅल', इतरांपुढे 'विल', हा व्याकरणकार जॉन वॉलिस यांनी १६५३ साली मांडलेला भेद सरांनी आमच्याकडून इतका घोटून घेतला होता की, पहिले 'आय विल' छापायला सोडताना माझा हात अडखळला.

सर्वांत जड गेले ते एकट्या माणसासाठी 'दे' हे अनेकवचनी सर्वनाम वापरणे. 'एव्हरीवन शुड ब्रिंग हिज बुक', असे सरांनी शिकविले तेव्हा आमच्या वर्गातल्या एका मुलीने उभे राहून विचारले होते, "मग आम्ही मुलींनी पुस्तक आणायचे नाही का, सर?" सर मोकळेपणाने हसले आणि म्हणाले, "बाई, प्रश्न बरोबर आहे, उत्तर व्याकरणाकडे नाही." व्याकरणाकडे नसले तरी वापरात ते होते, एकट्या माणसासाठी 'दे' हे इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आढळते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने आपल्या लेखनपुस्तिकेच्या २०१९ सालच्या सातव्या आवृत्तीत त्याला मान्यता दिली तेव्हा मी मनातल्या मनात कुरकुरलो खरा. मग लक्षात आले की, 'सर आले' असे आपण म्हणतो तेव्हा एकाच माणसाला अनेकवचन देतो आणि त्यात कोणाला काही खटकत नाही.

नियमांच्या बाबतीत सर कडक असले तरी स्वतःच्या मराठीत ते वेगळेच वागत. मराठी साहित्य महामंडळाचे नवे नियम १९६२ साली आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. आमच्या मराठीच्या बाई त्या नियमांनुसार गुण कापत. सर मात्र सूचनावहीत 'शाळेंत', 'नाहीं', 'कांहीं' असेच लिहीत राहिले. एकदा मी आगाऊपणाने ते दाखवून दिले. सर रागावले नाहीत. "नियम तुमच्यासाठी आहे, तो तुम्ही पाळा. माझ्या हाताला आता वळण बदलता येत नाही," एवढेच म्हणाले.

माझ्या हाताचेही तसेच झाले आहे. सरांनी कार्यालयातल्या टाइपरायटरवर मला टंकलेखन शिकविले, तेव्हा पूर्णविरामानंतर दोन जागा सोडण्याची सवय लागली. २०२० साली मायक्रोसॉफ्ट वर्डने त्या दोन जागांखाली चूक म्हणून रेघ मारायला सुरुवात केली, तरी माझा अंगठा दोनदाच पडतो. नातीला मी पाठविलेल्या निरोपाच्या शेवटी पूर्णविराम असतो, त्यावर तिने विचारले, "आजोबा, तुम्ही रागावलात का?" तिच्या पिढीत वाक्य संपविणारे ते टिंब तुटकपणाचे लक्षण झाले आहे. तिला आठ ठोके ऐकवावेत असे फार वाटले. पण निरोप काही कोणी मोठ्याने वाचत नाही, आणि डोळ्यांनी वाचणाऱ्याला कोण थांबविणार?

एक गोष्ट सरांना सांगायची राहून गेली. अमेरिकेतल्या मेन राज्यात एका दूधकंपनीच्या वाहनचालकांनी जादा कामाच्या पैशांसाठी दावा लावला. कोणत्या कामांना ते पैसे लागू नाहीत, याच्या कायद्यातील यादीत शेवटच्या 'ऑर'आधी स्वल्पविराम नव्हता, त्यामुळे मालाचे वितरण हे वेगळे काम की 'वितरणासाठी बांधणी' हे एकच काम, हे ठरेना. २०१७ साली अपील न्यायालयाने या संदिग्धतेचा लाभ चालकांना दिला आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरांवर तडजोड झाली. तडजोडीआधीच, निकालानंतर, मेनच्या विधिमंडळाने त्या यादीत स्वल्पविरामांच्या जागी चक्क अर्धविराम घातले, म्हणजे सरांच्या हिशेबाने दोन ठोके. सर असते तर त्यांनी ते टेबलावर वाजवून दाखविले असते.

१९९८ च्या दिवाळीत मी त्यांना शेवटचा भेटलो. मी तपासलेल्या एका पत्रिकेचा अंक कौतुकाने पुढे केला. सरांनी चष्मा पुसला, पेन्सिल मागितली आणि पहिल्याच पानावर 'अँड'च्या आधीचे तीन स्वल्पविराम वर्तुळ करून दाखविले. हा अमेरिकी नियम आहे, असे मी चाचरत सांगितले. सर थोडा वेळ थांबले, आठ ठोक्यांइतके तरी नक्कीच, आणि म्हणाले, "पगार ते देतात ना? मग देत जा." वर्तुळे मात्र त्यांनी खोडली नाहीत.

तो अंक या मनोगतासोबत समितीकडे पाठवीत आहे. सभागृहातील प्रदर्शनात त्याला जागा द्यावी, आणि ती वर्तुळे कोणी पुसणार नाही एवढे पाहावे, ही विनंती.